होणाऱ्या नणंदेबरोबर कोंडून घेतलेली दुपार

लग्न ठरलं तेव्हा मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. घरी आले की लॅपटॉपवर गेम खेळायचे. बंद खोल्यांचे गेम. खोलीत अडकायचं, कपाटं धुंडाळायची, खुणा जुळवायच्या आणि दार उघडायचं. आईला ते मुळीच पसंत नव्हतं.

"नांदेडला त्याचं नाव काढू नको," तिनं बजावलं. "एवढी शिकलेली पोरगी गेम खेळत बसती म्हणल्यावर काय वाटंल लोकायला?"

साखरपुड्यानंतर मी नांदेडला गेले ती साड्यांच्या खरेदीसाठी. खरेदी उरकल्यावर होणाऱ्या नणंदबाई म्हणाल्या, "इथं एस्केप रूम नवीन सुरू झालीय. कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवून बाहेर पडायचं. चला, तिघं जाऊ." त्या शाळेत शिक्षिका, त्यांनी ठरवलं की ठरलं. तिसरा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझा होणारा नवरा. त्यानं नुसती होकारार्थी मान हलवली.

बाहेरून दार लागलं. खोलीत अंधूक दिवा, एक टेबल, बरीच कपाटं, भिंतीवर पक्ष्यांच्या तसबिरी आणि उलटं पळणारं घड्याळ. गेममध्ये घाबरलं तर लॅपटॉप मिटता येतो. इथं शेजारी सासरची माणसं उभी होती. मला येत असलेलं दाखवावं की गप्प बसावं, हेच कळेना.

ताईंनी एक किल्ली शोधली, कपाट उघडलं आणि तीच किल्ली बाकीच्या सगळ्या कुलपांना लावत सुटल्या. वेळ चालला होता. तो भिंतीला टेकून उभा. कंटाळला असावा, की माझ्यावर नाराज आहे?

शेवटी राहवलं नाही. "ताई, ती किल्ली आता बाजूला ठेवा. एकदा लागली की तिचं काम संपतं. गेममध्ये असंच असतं."

"कोणत्या गेममध्ये?" त्यांनी मान वळवून विचारलं.

आता बोलून गेले होते. "मी खेळते," म्हणाले, "असले गेम."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मग सांगा, आता काय करू?"

मी सांगत गेले. जे सापडेल ते मोठ्यानं बोलायचं, सगळं एका टेबलावर आणून ठेवायचं. दाराच्या कुलपाला आकडे नव्हते. त्याचा खटका फक्त डावीकडं नाहीतर उजवीकडं सरकायचा. हे मी कुठंतरी पाहिलेलं होतं. तसबिरींतले काही पक्षी डावीकडं तोंड करून होते, काही उजवीकडं. तसबिरी ज्या क्रमानं लावल्या होत्या, त्याच क्रमानं मी खटका सरकवला. कुलूप हललंसुद्धा नाही. सगळं सांगून बसले आणि आता हे!

"पक्षी लहान-मोठे हायत," भिंतीजवळून तो हळूच म्हणाला.

मी लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावला. कुलूप सुटलं. वेळ थोडाच उरला होता.

बाहेर येताच ताईंनी त्यांच्या आईला फोन लावला. "आई, ही तर गेम खेळती गं! हिनंच बाहेर काढलं आम्हाला." पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. ताई "हाव, हाव" म्हणत राहिल्या आणि फोन ठेवून म्हणाल्या, "आई म्हणती, बाहेर निघाला ना, मग जेवायला या." एवढंच. त्या वाक्यात राग होता का, हे जेवणभर ताटाकडं बघत मी शोधत राहिले.

मला गाडीत बसवून द्यायला तो स्टँडवर आला. लातूरची गाडी लागायची होती.

"तुम्ही नाराज आहात का?" मी विचारलं.

"मी?" तो दचकला. "मला कोंडलेल्या जागेचं लई भ्या वाटतं. हात गार पडले होते. तुम्ही बोलून राहिल्या होत्या म्हणून उभा राहिलो."

"मग आलात कशाला?"

"नाही म्हणलो असतो तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

मला हसू आलं नाही. दिवसभर आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरत होतो, फक्त वेगवेगळे उभे राहून. गाडी लागली. त्यानं खिडकीजवळची जागा धरून दिली आणि खाली उतरून काचेपाशी उभा राहिला. "ताईला सांगू नका," म्हणाला. मी नाही सांगितलं.