राख्या बांधणाऱ्यांच्या सह्या

माझ्या पिठाच्या गिरणीत कामाला असलेली बाई पाथर्डीकडची. नवरा-बायको दर वर्षी ऊसतोडीला जायचे आणि त्यांच्या मुलीची शाळा दर वर्षी मध्येच सुटायची. यंदा भिंगारच्या पुढे दोन खोल्या घ्यायच्या आणि कोयता कायमचा टाकायचा, असं दोघांनी ठरवलं. घर जमलं नाही, तर मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन पुन्हा उसाच्या फडावर.

"ताई, तुमी नुसतं बघायला चला," ती म्हणाली. नुसतं बघणं मला जमत नाही, हे तिला माहीत होतं.

तिच्या नवऱ्यासह आम्ही तिघं गेलो. घर चांगलं होतं. पत्रे नवे, दारात नळ, मागे लिंब. विकणारा पन्नाशीचा. "वडिलांनी बांधलेलं. आता मी एकटाच हाय." वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, उतारा मात्र अजून त्यांच्याच नावावर. भिंतीला ओल नाही हे दाखवायला त्याने हात वर केला, तेव्हा मनगटावर दोन राख्या दिसल्या. रंग उडाला होता, पण होत्या याच श्रावणातल्या.

"या कोणी बांधल्या?"

"कोन बांधनार? बहिणींनी."

"मग तुम्ही एकटे कसे?"

तो हसला. "लेकी दिल्या घरी सुखी हायेत, ताई. दिवाळीला साडीचोळी करतो. त्यांनी कधी शब्द काढला न्हाई. तुमी स्टॅम्पवर नोटरी करून घ्या, आजच किल्ली देतो."

नवऱ्याची नजर किल्लीवरून हलेना. मी त्याला बाजूला घेतलं. नोटरीने घर आपलं होत नाही, खरेदीखत नोंदवावं लागतं. बापाच्या घरात लेकींचा हिस्सा असतो. त्यांच्या सहीशिवाय घेतलं, तर याने फक्त स्वतःचा वाटा विकला असं होईल. उद्या भाचे कोर्टाची नोटीस घेऊन उभे राहतील.

"बहीन भावावर केस करंल व्हय?" तो म्हणाला.

ते ऐकून त्याची बायको जवळ आली. "केस न्हाई करनार. पर तिला ठाऊक तर पाहिजे. माझ्या भावानं जत्रेला म्हनून बोलावलं आन् हापिसात नेलं. सही कशाची, ते सासरी आल्यावर कळलं. साडी मिळाली. नेसत न्हाई मी ती."

नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही दोघी काष्टीला गेलो. विकणाऱ्याची थोरली बहीण तिकडेच दिलेली, बाजारात मेथी विकायला बसली होती. सगळं ऐकून तिने जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "सहीला माझी ना न्हाई. पर तुमी परक्या बाया मला सांगताय. त्याला म्हनावं, दारात येऊन इचार."

निरोप ऐकून भाऊ चिडला. बायकांनी व्यवहार मोडला, असं गल्लीभर सांगत फिरला. दुसरं गिऱ्हाईक शोधलं. त्यानेही बहिणींचंच विचारलं. इकडे मुकादम येऊन चहा पिऊन गेला. बाईचा नवरा तिला न्यायला गिरणीत आला तरी माझ्याशी बोलेनासा झाला, आणि मला त्याचा राग आला नाही. हातातलं घर दुसऱ्याच्या सल्ल्याने जातंय, असं वाटलं तर कोणीही तोंड फिरवेल.

दसऱ्याआधी भाऊ काष्टीला गेला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. थोरलीने वाटा घेतला नाही, धाकटीने चोख घेतला. दोघींचंही बरोबरच होतं.

रजिस्ट्रार ऑफिसात तिघं भावंडं एका बाकावर बसली. थोरलीने भावासाठी डब्यात भाकरी आणली होती. दस्त लिहिणाऱ्याने घर घेणाऱ्याचं नाव विचारलं. नवऱ्याने स्वतःचं सांगितलं.

"माझंबी लिवा," बायको म्हणाली. "आधी माझं."

"आधी कशाला?"

"तुमी दर वर्षी कोयता टाकता आन् दर वर्षी उचलता."

थोरली बाकावरून म्हणाली, "लिवा ओ, ती म्हनती तसं."

नवऱ्याने डोकं खाजवलं आणि मान डोलावली. लिहिणाऱ्याने तिचं नाव वर घेतलं.