ठेंगूचं काम

आमच्या घरी फुकट कोणी जेवत नाई. हे मी नाई म्हणत, आमचे हे म्हणतात. गाव त्याईले उत्तमराव म्हणते. अकोटाजवळ वावर हाये, अन् "थे काम काय करते?" हा एकच सवाल तोंडात. कोंबडा आरवला नाई तं त्याले बी इचारतीन, बाप्पा!

अन् आमचा मनोज, नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात असते, त्यानं कुत्रं आणलं. कॉर्गी म्हणे. तोंड कोल्ह्याचं, पाय पाहाले तं पाटाचे खूर!

"पाय बसवाले इसरले काय बे?" याईनं इचारलं.

"बाबा, विलायतेत हे ढोरं राखते."

राखणीचं म्हटल्यावर चेहरा खुलला. नाव ठेवलं ठेंगू.

ठेंगूले एक खोड. घरातले माणसं एका जागी नसले तं त्याले चैन पडे ना. आमची रीत कशी, हे ओसरीत जेवतीन, मंग मी सैपाकघरात एकटी. ठेंगूले थे पटलं नाई. आत येऊन माह्या टाचेले नाक लावून ढोसे, पदर ओढे, अन् ओसरीत आणून बसवल्यावरच आडवा होये. कुत्र्यासंगं कोण हुज्जत घालन? मी माहं ताट बी तिकडेच नेऊ लागली. खरं सांगू? मले लय गोड वाटे. हे काई बोलत नोते, भाजीत मीठ कमी हाये तेवढं सांगत. मले तेवढंबी पुरे.

हरबऱ्याले घाटे भरले, अन् सांजच्याले रोही, थ्या घोड्याएवढ्या नीलगाई, वावरात घुसू लागले. याईनं पारावर सांगून टाकलं, आपल्याकडे विलायती राखणदार हाये. घरी येऊन मले म्हणाले, "राखलं तं राहीन, नाई तं मनोजसंगं परत."

पाहाले अर्धं गाव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर. ठेंगूले सोडलं. रोही हरबरा खाऊन राहिले होते, त्याईनं याच्याकडे ढुंकून पाह्यलं नाई. पण ठेंगूले हाकलणं येतच नोतं, त्याले गोळा करणं येत होतं! धुऱ्यापल्याड सुंदराबाईच्या बकऱ्या पांगल्या होत्या. त्यानं मांगून फेरा मारला, सगळ्या बकऱ्या घेरल्या, अन् आमच्या हरबऱ्याच्या मधात आणून उभ्या केल्या. मंग जीभ काढून याईच्या तोंडाकडे पाहात बसला.

"उत्तमराव, बकऱ्याईले पंगत दिली काय जी?" सुंदराबाई ओरडली.

हसून हसून लोकं खाली बसले. मले रडू येऊन राह्यलं होतं.

रविवारी मनोज आला, जेवला, ठेंगूले घेऊन गाडीकडे गेला. मी याईचं ताट वाढलं अन् सैपाकघरात जाऊन बसली. टाचेले कोणी ढोसलं नाई.

"अवं!" ओसरीतून हाक आली. मले वाटलं, मीठ. जाऊन पाहते तं ताट जसंच्या तसं.

"तू काहून नाई आली?"

"बोलावलं कोणं मले?" मी बी तडकली. "आणत होतं त्याले तं तुमी काढून देल्लं."

हे ताटावरून उठले. मंग फाटकाकडे तोंड करून ओरडले, "अबे मनोज, सोड त्याले! त्याले घरी काम हाये."

आता पारावर सांगतात, कुत्रं कामाचं हाये. कोणतं काम, थे सांगत नाईत. मी सांगते. बायकोले "ये, जेव" म्हणासाठी आमच्या घरी कुत्रं ठेवलं हाये. विलायती.