डोंग्याला मोटर बसवली तेव्हा

बी. ए. झालो, आणि नोकरीचा पत्ता नव्हता. त्या उन्हाळ्यात मी मामाच्या दुकानात बसत असे. बालाघाटच्या बसस्टँडमागच्या गल्लीत मामा शेतीचे डिझेल पंप दुरुस्त करायचा. मॅंगनीजच्या खाणीत फिटरच्या हाताखाली राहून तो हे काम शिकला होता. नववीपासून मी त्याच्याच घरी होतो. माझी फी, माझी पुस्तकं, कॉलेजात घालायची पहिली पँट, सगळं त्याच्या काळ्या हातांतून आलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. मामा गिऱ्हाइकांना सांगायचा, "भाचा बी. ए. हाये, पण पाना बरोबर देते."

एक दिवस खैरलांजीकडचा एक म्हातारा नावाडी दुकानात आला. वैनगंगेच्या एका घाटावर त्याचा डोंगा चालायचा. मामा त्याला दादा म्हणत असे, आणि दादा आला की स्वतः उठून स्टूल पुढे करत असे. त्याला कारण होतं. छप्पन साली आमची माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन परत आली, ती याच घाटावरून. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो, मला काही आठवत नाही. आई सांगायची, आम्ही डोंग्यात चढलो तसे काही लोक उतरले आणि दुसऱ्या खेपेची वाट पाहत काठावर उभे राहिले. दादानं आम्हाला मधोमध बसवलं आणि अर्धा रिकामा डोंगा पाण्यात लोटला.

तो दादा आता स्टुलावर बसून उजवा खांदा चोळत होता. हात खांद्याच्या वर उचलला जात नव्हता. मागच्या पावसाळ्यात वल्हं पेललं नाही, डोंगा वाहत दूर खाली गेला, बाया रडायला लागल्या. लोकांनी तक्रार केली होती. आता घाटाचा ठेका देणाऱ्या ऑफिसातले बाबू येऊन डोंगा चालवून बघणार होते. चालला तर ठीक, नाहीतर घाट दुसऱ्याला. हाताखाली माणूस का ठेवत नाही, असं मी विचारलं. गावातली तरणी पोरं मलाजखंडच्या खाणीवर कामाला गेली होती. दादाला दोन मुली, दोघी सासरी. घाट गेला तर करायला दुसरं काही नव्हतं, कारण त्याला शेत नव्हतं आणि दुसरं काम येत नव्हतं.

मामानं ऐकून घेतलं आणि बाकाखालून गोणपाटात गुंडाळलेली एक जड वस्तू ओढून काढली. सरकारी गोदामाच्या लिलावात भंगारात घेतलेली ती होडीची मोटर होती. वर इंजिन, खाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. मामानं ती कधी चालू करून पाहिली नव्हती.

पुढचे काही दिवस आम्ही पंप बाजूला ठेवून तिच्याच मागे लागलो. कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. इंजिनात गार पाणी खेचणारी रबराची चकती वाळून तुटली होती, ती मामानं ट्रकच्या जुन्या ट्यूबचे थर चिकटवून कापली. झाकणाच्या आत एक पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर इंग्रजीत सूचना. मी त्या वाचून दाखवल्या. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं, ते त्यात होतं. मामाला एवढा आनंद झाला, की त्यानं शेजारच्या सायकलवाल्याला बोलावून मला ती पट्टी पुन्हा वाचायला लावली.

मोटर तपासायची तर तिचा पंखा पाण्यात हवा. आम्ही एक ड्रम पाण्यानं भरला आणि मोटर त्याच्या काठाला आवळली. वरच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि झटका देऊन ओढायची, म्हणजे ती सुरू होते. मामानं ओढली, पुन्हा ओढली. मग एकदम निळा धूर आला, ड्रममधलं पाणी उसळून गल्लीभर उडालं आणि समोरच्या पानवाल्याची पानं धुतली गेली. तो म्हणाला, "मामाजी, नदी इधर ही ले आये क्या?"

बसच्या टपावर मोटर चढवताना कंडक्टरनं विचारलं, हे काय मुडदं घेऊन राह्यले. मामा म्हणाला, "मुडदं होतं. आता जित्तं केलं."

घाटावर डोंगा वाळूत पालथा पडला होता. दादा आणि काकी, म्हणजे त्याची बायको, फळ्यांच्या फटी भरत होते. काकी सुताचे बोळे वळून द्यायची, दादा ते लोखंडी पट्टीनं फटीत ठोकायचा आणि वरून तेलात उकळलेली राळ सोडायचा. राळेचा वास सगळ्या वाळवंटात पसरला होता. डोंग्याची दोन्ही टोकं सारखीच निमुळती, म्हणून तो कधी वळवावा लागत नसे. नावाडी फक्त या टोकाहून त्या टोकाला जायचा. पण मोटर लावायला सपाट जागा कुठेच नव्हती. मामानं एका टोकाजवळ आडवी फळी बसवली, ती एका बाजूनं बाहेर काढली आणि त्या बाहेरच्या भागाला मोटर आवळली. डोंगा त्या बाजूला झुकला. काकी म्हणाली, म्हातारपणी मानेले गळू झाल्यासारखा दिसते. दादाला राग आला, पण त्यालाही तसंच वाटत असावं.

बाबू आले त्या दिवशी मामा आणि मी सकाळीच तिथे पोचलो. डोंगा पाण्यात होता. गावातली बरीच माणसं जमली होती. मामानं दादाला मोटरीच्या सुकाणूची मूठ दाखवली. ती डाव्या हातानं सहज फिरत होती. दादानं धरून पाहिली, मान हलवली. मग मामानं दोरी ओढली, मोटर सुरू झाली, लोक हसले. मामानं ती बंद केली आणि म्हणाला, "आता तुमी."

दादानं दोरीची गाठ उजव्या हातात घेतली. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यानं दोरी डाव्या हातात घेतली. डाव्यानं ओढली तर चाक अर्धं फिरून परत आलं. पुन्हा ओढली. तेव्हा मला कळलं, आणि मामाच्या चेहऱ्यावरून त्यालाही त्याच वेळी कळलं. इतके दिवस आम्ही दादाच्या खांद्यासाठी मोटर दुरुस्त करत होतो, आणि मोटर आधी खांदाच मागत होती. दुकानात प्रत्येक वेळी दोरी मामानं ओढली होती.

बाबू भले गृहस्थ होते. त्यांनी आवाज चढवला नाही. मामाला म्हणाले, "उस किनारे पर कौन चालू करेगा? आप रोज आयेंगे?"

दादा खाली बघत दोरी गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली तरी बोटं फिरतच होती.

काकी काठावर उभी होती. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पाण्यात उतरली. त्या घाटावर बायांनी डोंग्यात मधूनच चढायचं, टोकाशी पाय ठेवायचा नाही, असा दादाच्या बापाच्या वेळेपासूनचा नेम होता. टोक म्हणजे डोंग्याचं तोंड. ती सरळ मोटरीच्या टोकाकडे आली.

दादा म्हणाला, "तिकडून नको. तोंडाले पाय लागते."

"कोनतं तोंड? याले दोनी तोंडं सारखीच हायेत. तुमचं ते घ्या, मले हे द्या."

"लोक काय म्हनतीन?"

"लोक खाली वाहून गेलते मागच्या साली, तवाच म्हनले जे म्हनाचं ते."

कोणीतरी हसलं. दादा हसला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बाबूंकडे, आणि दोरी तिच्या हातात दिली. ती आत चढली.

काकीनं दोरी ओढली ती विहिरीतून बादली ओढतात तशी, संथ आणि भक्कम. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा तसंच. मामा गुडघाभर पाण्यात जाऊन तिच्याजवळ उभा राहिला.

"वहिनी, हे विहिरीवानी नाही ओढाचं. म्हशीनं तुमचं लुगडं तोंडात धरलं, तर कसं ओढान?"

"लातही मारीन."

"लात नका मारू, फळी मीच बसवली हाये. फक्त ओढा."

तिनं ओढली. जन्मभर धान कांडलेल्या हातांचा तो झटका होता. मोटर खोकली, धूर सुटला, डोंगा थरथरला. मामानं घाईघाईनं डोंगा लोटला आणि स्वतः मागे पाण्यात बसला. दादानं मूठ धरली. बाबू आधीच मध्ये येऊन बसले होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मोटर एका बाजूला असल्यामुळे डोंगा आधी वळायला लागला, पण वैनगंगेचं पाणी दादाला ठाऊक होतं. त्यानं मूठ थोडी दाबून धरली आणि डोंगा सरळ गेला. पलीकडच्या काठावर दादानं मोटर बंद केली. आम्ही सगळे इकडे मान लांब करून उभे. काकी उठली, दोरी गुंडाळली, ओढली. एकदा, दोनदा. मग तो आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत आला.

बाबूंनी उतरल्यावर एवढंच म्हटलं, की दोघं असतील तरच मोटर चालवायची. दादा म्हणाला, "हौ साहेब." घाट त्याच्याकडे राहिला.

श्रावणात मामानं मला चकती बघायला पाठवलं. पाणी दोन्ही काठांना लागलं होतं. मोटरीजवळ बसणारे लोक काकीच्या कोपराला जागा सोडून बसत. एक बाई जवळ सरकली, तर दुसरीनं तिला ओढलं, म्हणाली, दात पडतीन. ओढण्याआधी काकी दादाकडे बघायची. तो मान हलवायचा. मग ती ओढायची.

परतीच्या खेपेला डोंग्यात आम्ही तिघंच होतो. मी तिला विचारलं, काकी, भीती नाही वाटत का एवढ्या पाण्यात?

"वाटली एक-दोन दिवस," ती म्हणाली. "लगन झाल्यापासून काठावरूनच पाह्यत होते मी याह्यचा डोंगा. भाकर आनून द्याची न वापस जाची. मधात एवढी हवा लागते, हे कधी सांगतलं नाही याह्यनं."

दादा मुठीवर हात ठेवून समोर पाहत होता. मोटरीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही, मला सांगता येत नाही. पण काठ जवळ आला होता, आणि नेहमीच्या जागी डोंगा काठाकडे न वळवता त्यानं तो परत मधल्या धारेत थोडा वर नेला, आणि मग हळूच काठाला लावला.