माझ्या वाटणीचं मकाऊ

आमचे आबा मकाऊला जाऊन आले, याचं मला अजून वाईट वाटतं. वाईट कसलं, जळफळाट होतो. आबा म्हणजे माझे थोरले दीर. कपाळाला अष्टगंध, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि संध्याकाळी सातला जेवून साडेआठला घोरणारा माणूस. जगातले लोक जिथं रात्रभर झोपत नाहीत, त्या गावाला हा माणूस गेला आणि मी जिंतूरच्या दुकानात बुरशीनाशकाच्या बाटल्या पुसत बसले.

दुकान आमचं, बसस्टँडच्या रस्त्याला. खतं, बियाणं, फवारणीची औषधं. शेती आबा बघतात, दुकान आमचे हे बघतात असं सगळे म्हणतात. खरं तर हे मालाच्या मागं हिंडत असतात आणि काउंटरवर दिवसभर मी असते. लग्न झालं तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढं शिकवतो म्हणाले आणि काउंटरवर बसवलं. असो. मला ते काम आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू?

औषधाच्या कंपन्यांची एक रीत असते. हंगामाच्या सुरुवातीला साहेब येतो, चहा पितो आणि सांगतो की एवढा माल खपवला तर अमुक ठिकाणी ट्रिप. कधी बँकॉक, कधी दुबई. आमच्या वाट्याला आजवर कुकर आणि भिंतीवरची घड्याळं आली होती. त्या वर्षी साहेब म्हणाला, "वहिनी, टार्गेट करा, मकाऊ हाय. जोडीनं. पासपोर्ट काढून ठेवा." मी विचारलं, मकाऊमध्ये काय आहे? साहेब हसला आणि म्हणाला, "तिथं रात्र होतच न्हाई."

एवढं पुरे झालं मला. आम्ही दोघांनी परभणीला जाऊन पासपोर्टचं काम उरकलं. मग गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर मकाऊ बघायचे. सोन्यासारखी चमकणारी हॉटेलं. एका हॉटेलात तर आतच कालवा आणि त्यात नावा, वर छताला निळं आभाळ रंगवलेलं, कायम दिवेलागणीची वेळ वाटावी असं. जुगाराची टेबलं. पाण्यात उड्या मारणाऱ्या बायकांचा खेळ. आणि ते नाइट क्लब: जांभळ्या उजेडात माणसं हात वर करून नाचायलेत, कोण कोणाकडं बघत नाही. मला त्या 'कोण कोणाकडं बघत नाही'चंच लय वेड लागलं होतं. आमच्याकडं बाई दिवे लागल्यावर नुसती रस्त्यावर दिसली तरी चार जण विचारतात, काय झालं, दवाखाना का?

सोयाबीनवर त्या वर्षी रोग आला होता, आणि मी तोंडाला फेस येईस्तोवर माल विकला. चारठाण्याकडचे शेतकरी यायचे, त्यांना बाटलीबरोबर फवारणीचं सगळं समजावून द्यायचे. टार्गेट झालं.

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणायची, दुसरं काय.

साहेबाचा फोन आला तेव्हा घरातले पुरुष जेवत होते. मी वाढत होते आणि अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "दोन सीट मिळाल्यात. मी आन ही जाताव म्हणतो." आबा म्हणाले, "जा की." बास, एवढ्यावर गप बसायचं होतं मी. पण आमच्यात तसं बसत नाहीत. थोरल्या माणसाच्या देखत धाकट्या सुनेनं 'हो, आम्हीच जातो' म्हणून मोकळं व्हायचं, हे शोभतं का? म्हणून मी वाटी हातात धरून म्हणाले, "आमी कशाला, आबांनाच न्या की. त्यांचा पासपोर्ट खामखा पडून हाय."

आबांचा पासपोर्ट खरंच पडून होता. इस्रायलच्या शेती बघायच्या दौऱ्यासाठी त्यांनी काढला आणि तो दौराच रद्द झाला.

आता कुणालाही विचारा, आमच्याकडं हे कसं असतं. एकानं म्हणायचं, तुमी घ्या. दुसऱ्यानं म्हणायचं, छे छे, तुमीच घ्या. पहिल्यानं परत म्हणायचं, दुसऱ्यानं ताटावर हात आडवा धरायचा. असं दोन-तीनदा झालं की ज्याचं असतं त्यालाच ते मिळतं, आणि दोघांचा मान राहतो. पाहुण्याला शिरा वाढतानासुद्धा हेच. आबांना हे माहीत नाही असं नाही, त्यांचा जन्म ह्यातच गेला.

आबांनी ताक संपवलं, मिशी पुसली आणि म्हणाले, "बरं. एवढं म्हणताय तर येतो."

एकदाच! एकदा म्हणाले मी, आणि माणूस हो म्हणून मोकळा! मी ह्यांच्याकडं बघितलं. वाटलं, हे तरी बोलतील, की हिचा पासपोर्ट काढलाय, हिनं माल विकलाय. हे म्हणाले, "ठीक हाय." आणि भाकरी मागितली.

ते दोघं परभणीहून रेल्वेनं हैदराबादला आणि तिथून विमानानं गेले. मी दुकानात. लोक विचारायचे, मालक कुठं गेलेत? मी म्हणायचे, मकाऊला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जालन्याकडं का?" मी म्हटलं, हो, तिकडंच.

हे स्टेटसला फोटो टाकायचे. लाल-हिरव्या दिव्यांच्या पुढं आबा, टोपी घालून, दोन्ही हात मांडीला चिकटवून. जणू आधार कार्डाचा फोटो काढायला उभे राहिलेत. मी एकेक फोटो बोटांनी मोठा करून आबांच्या मागचं बघायचे. आबा मध्ये यायचे. काय सांगू, अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

परत आले तर काय थाट! संध्याकाळ झाली की दुकानापुढच्या बाकड्यावर आबांची बैठक. दहा माणसं पुढं. मी आत काउंटरवर, कान बाहेर. मला वाटलं, आता तरी कळेल कसं असतं. आबा सांगायचे काय, तर नळ. "हात पुढं केला की पाणी येतंय, मागं घेतला की बंद." मग जेवण. "भात चिकट हाय. लोणचं आपण न्हेलं होतं म्हणून बरं." मग गादी किती मऊ. मला राहवेना. मी चहा द्यायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि विचारलं, "आबा, ते आभाळवालं हॉटेल बघितलं का? छताला आभाळ असतंय ते?"

"असल की," आबा म्हणाले. "वर कोण बघतंय? पाय घसरायला लागलेत फरशीवर."

"आन क्लबमधी गेलात का न्हाई?"

"गेलो ना. लय आवाज. कानात कापूस घालून बसलो सोफ्यावर. डोळा लागला."

डोळा लागला! मी तिथून आत आले आणि कपबश्या अशा आपटल्या की एका कपाचा कान तुटला. त्या जांभळ्या उजेडासाठी मी पूर्ण हंगाम घसा कोरडा केला आणि हा माणूस तिथं जाऊन झोपला! माझी जागा होती ती. माझ्या जागेवर बसून झोपले.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण चार दिवसांनी पूर्णा गावच्या दुकानदाराच्या बायकोचा फोन आला. परभणीला हॉटेलात कंपनीच्या मीटिंगा होतात, तिथं आम्ही शेजारी बसायचो. ही बाई लिफ्टमध्ये चढताना माझा हात धरायची, इतकी भित्री. ती म्हणाली, "अगं, तू का न्हाई आलीस? समद्याजणी होतो आमी. तुझी लय आठवण काढली."

"समद्याजणी?" मी म्हटलं. साहेब जोडीनं म्हणाला होता खरा, पण शेवटी सगळीकडचे पुरुषच गेले असतील, असं मी धरून चालले होते.

"मग? जोडीनं होतं ना. तुमचेच तेवढे भाऊ-भाऊ आलते. आन काय गं, तुझे मिस्टर किती नाचतात! आमचे हे तर बघतच राहिले. थांब, व्हिडिओ पाठविते."

तिनं पाठवला. तोच उजेड, तोच आवाज. ती स्वतः चमचम करणाऱ्या झग्यात, केसांना दिव्याचा पट्टा, लिफ्टला भिणारी बाई अशी गरगर फिरत होती की मला दोनदा बघावं लागलं तीच का ते. आणि तिच्या मागं आमचे हे. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, हात वर, डोळे मिटलेले. हसत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, गावात किती वराती निघाल्या, डीजे लागले. हा माणूस खिशात हात घालून आबांच्या बाजूला उभा. मला वाटायचं, ह्यांना नाचता येत नाही. मी कधी त्यांना असं हसताना बघितलं नाही. पूर्ण्याच्या बाईनं बघितलं. तिच्या नवऱ्यानं बघितलं. मी मोबाईलवर बघितलं.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी व्हिडिओ लावून ताटाजवळ ठेवला.

हे लाजले. "सगळे नाचायलते, मग जरासक..."

"बाकीच्यांनी बायका नेल्या हे सांगितलं न्हाई मला."

"तूच म्हणालीस ना, आबांना न्या?"

"एकदा म्हणाले मी! एकदा!"

"मग?"

"मग तुमी न्हाई म्हणायचं होतं! परत विचारायचं होतं मला. तुमाला कळत न्हाई का?"

"आता मनातलं कसं कळावं बाबा," असं म्हणून त्यांनी वरण कालवलं. आणि खरंच त्यांना कळलं नव्हतं, याचा तर मला जास्त राग आला. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. दोन दिवस मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मोसंबीवाल्यांची गर्दी झाली, मग बोलावंच लागलं. पण मनातून गेलं नाही. वर्षभर गेलं नाही. आबांनी नळाची गोष्ट काढली की मी उठून आत जायचे.

यंदा साहेब परत आला. मकाऊ नाही, गोवा. म्हणे बोटीवर कॅसिनो, रात्री पार्टी, डीजे, सगळं. मला गोवा तर गोवा. मी असा माल खपवला की साहेबच म्हणाला, वहिनी, दम खा. टार्गेट झालं त्या दिवशी परत तेच: पुरुष जेवायलेत, मी वाढायले, अक्का चुलीपाशी. ह्यांनी खाकरून सुरुवात केली, "दोन सीट हायत, तर मी म्हणतो..."

"मी येणार," मी म्हणाले.

आबांनी घास हातातच धरला. "आता बाया बी तसल्या ठिकाणी जायलेत," ते ताटाला म्हणाले.   मी सगळ्यांना भात वाढला.

परभणीच्या मोंढा बाजाराजवळच्या दुकानातून मी एक झगा आणला. गडद निळा, पूर्ण बाह्यांचा, पण चमकी आहे. जायच्या आदल्या दिवशी दुपारी घालून बघत होते. पाठीमागची चेन काही केल्या हाताला येईना, तशा अक्का आत आल्या. म्हणाल्या, "थांब, मी लावते." मला वाटलं, आता दोन शब्द सुनावतील. त्यांनी चेन धरली, पण वर ओढली नाही.

मग म्हणाल्या, "मागच्या बारीला तुझं नाव तरी निघालं. तू म्हणालीस तवा ह्यांनी तुझ्याकडं बघितलं, भाऊजींनी बघितलं. मी तिथंच भाकरी थापायलते. ह्यांच्यासंगं मीबी जाईन का, असं कुणाच्या डोक्यातबी आलं न्हाई. मला म्हणाले, बॅग भर. वर्षभर तू फुगून बसलीस, आन मी तुझ्यावर जळत बसले बघ."

आरशात त्यांचं तोंड दिसत नव्हतं, माझ्या खांद्यामागं होतं. माझ्या जिभेवर सवयीनं शब्द आले: मग तुमीच जा की, अक्का. दुसरी कुणीही असती तरी म्हणालीच असती. म्हणायलाच पाहिजे होतं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. कारण अक्का हो म्हणाल्या असत्या.

त्यांनी चेन वर ओढली. "आवळतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.