कुंदा मोहरील आणि दोनशे बारा तणं

अकोल्याच्या बापूसाहेब मोहरील वकिलांची धाकटी मुलगी कुंदा १९५६ साली अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायला लागली, तेव्हा घरच्यांना वाटलं, लग्न ठरेपर्यंत करील हौस. लग्न ठरलं नाही. हौस मात्र चालूच राहिली.

तिच्याच खात्यात भगवंत खारोडे होता. तेल्हाऱ्याच्या कास्तकाराचा मुलगा, बोलायला तुटक, पण वावरातलं कुठलंही तण दोन पानांवर आलेलं असतानाच ओळखणारा. झाडं ओळखायचं इंग्रजी पुस्तक त्याला मुळीच पटायचं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं तरच दुसऱ्याकडे जाता यायचं, अशी त्या पुस्तकाची रीत, आणि पहिला प्रश्न हमखास फुलाचा.

"निंदणाच्या वेळी फूल कुठून आणू?" तो एकदा चिडून म्हणाला. "माझ्या हातात पान आहे, खोड आहे, चीक आहे. जे हातात आहे ते विचारा की मला!"

एका परदेशी मासिकात त्याला यावरची तोड सापडली. एकेका लक्षणाचा एकेक पुठ्ठा करायचा: पानं समोरासमोर, खोड चौकोनी, चीक पांढरा, अशी ऐंशी लक्षणं. प्रत्येक पुठ्ठ्यावर आकड्यांची तीच चौकट, आणि एक आकडा म्हणजे एक तण. ज्या तणात ते लक्षण असेल, त्याच्या आकड्यावर भोक. मग हातातल्या रोपट्याला लागू पडणारे पुठ्ठे, कुठूनही सुरुवात करून, एकावर एक ठेवायचे आणि खिडकीसमोर धरायचे. ज्या भोकातून आरपार उजेड दिसेल, तो आकडा त्या तणाचा.

दोन वर्षं रोज कॉलेज सुटल्यावर दोघं त्या कामाला बसत. कुंदा आकडे वाचून दाखवायची, भगवंत चांभाराकडून आणलेल्या लोखंडी नळीवर हातोडी मारायचा. तो तिला मोहरीलबाई म्हणायचा, ती त्याला खारोडे. पण उन्हाळ्याच्या सुटीत अकोल्याला गेली की पंधरवड्यातच तिला ती ठकठक ऐकावीशी वाटे, आणि आईनं स्थळाचा विषय काढला की ती उठून मागच्या अंगणात जाई.

१९५९ मध्ये भगवंतला विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली. बडनेरा स्टेशनवर सगळं खातं जमलं होतं. गाडीत चढता चढता तो तिच्याजवळ येऊन म्हणाला, "साठेक तणं राहिली आहेत. पूर्ण कराल ना?"

"करीन," ती म्हणाली. तो आणखी काही बोलणार होता. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला आणि गाडी सुटली.

उरलेली तणं तिला पुस्तकातून सापडेनात. शेवटी एका रविवारी अकोल्याहून मोटारीनं ती तेल्हाऱ्याला, भगवंतच्या घरी गेली. वडील वारले होते, आई भागीरथाबाई वावर सांभाळत होती. नाव ऐकताच म्हातारी हसली; कुंदा नावाचं एक चिवट तणही असतं.

"कुंदा? आमी तं कुंदा खणून खणून फेकतो माय, तरी तो वावर सोडत नाई!"

तेव्हापासून वर्षातून चार-पाच फेऱ्या होऊ लागल्या. भागीरथाबाई धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, केना, तरोटा, कुरडू उपटून पुढे करी आणि पावसाळ्यात ते कुठं उगवतं, जनावर त्याला तोंड लावतं का, हे सांगे. बदल्यात कुंदा भगवंतची पत्रं वाचून दाखवी. पत्रं दोघींना निरनिराळी येत, पण हळूहळू दोघी एकमेकींचीही ऐकू लागल्या. कुंदाच्या पत्रात कामाचं असे, आईच्या पत्रात तब्येतीचं. तिथंच नोकरी लागली, मग एक वर्ष वाढलं, मग आणखी दोन. तो परत येण्याबद्दल काही आहे का, हे दोघी दोन्ही पत्रांत शोधत.

१९६३ मध्ये शेवटचं, दोनशे बारावं तण पुठ्ठ्यांवर चढलं. तिनं भगवंतला कळवलं. 'फार छान' एवढंच उत्तर आलं.

पुढं १९६८ च्या हिवाळ्यात त्याचं लांबलचक पत्र आलं. तिकडे खोलीएवढं गणकयंत्र होतं. आपण लक्षणं सांगायची, ते झाडाचं नाव सांगतं. काय पाहायचं राहिलं, तेही विचारतं. आपल्या पुठ्ठ्यांची सगळी माहिती त्याला त्यात घालून बघायची होती. 'पाठवाल ना?' पत्राच्या चारही पानांत कुंदासाठी म्हणून एक ओळ नव्हती. ते तिनं तेल्हाऱ्याला वाचलं तेव्हा शेवटचं पान उलटून मागची बाजूही पाहिली.

भागीरथाबाई सुपातली तूर निवडत होती. ती म्हणाली, "बाई, एक गोष्ट तुले सांगाची राह्यली. जायच्या आधी त्यानं तुह्यं नाव काढलं होतं. मीच त्याले म्हटलं, वकिलाची पोरगी, बामनाची. ते लोक हो म्हणतीन काय? गावात इज्जत जाईन. शपथ घातली मी त्याले."

"मला कुणी विचारलंच नाही," कुंदा म्हणाली.

"नाई इचारलं. चुकलं माहं."

सूप पुढं ओढून कुंदाही तूर निवडू लागली. परतीच्या मोटारीत मात्र तोंडावर पदर घेऊन अकोल्यापर्यंत रडली.

महिनाभर बसून तिनं ऐंशी पुठ्ठ्यांची यादी उतरवली. प्रत्येक तणापुढं भागीरथाबाईनं सांगितलेलं नावही लिहिलं. सोबत वेगळ्या कागदावर दोनच ओळी: 'आई थकल्या आहेत. त्यांनी मला सगळं सांगितलं. एकदा ये.' 'या' नव्हे, 'ये'.

१९६९ च्या डिसेंबरात भगवंत आला. वीस दिवसांतले अठरा आईजवळ राहिला. दोन दिवस अमरावतीला होता. केस पिकले होते. तिकडे लग्न होऊन चार वर्षं झाली होती, मुलगी होती. आईला धक्का बसेल म्हणून कळवलं नव्हतं, म्हणाला.

"आणि मला?" कुंदानं विचारलं.

"तुला लिहायला बसलो होतो. खूपदा."

तिनं त्याच्यासाठी चहा मागवला. यंत्राबद्दल विचारलं, आणि त्यानं जे जे सांगितलं ते मन लावून ऐकलं. केन्याच्या दोन जाती यंत्र एकच समजत होतं. पानाच्या देठाशी काय पाहायचं, ते तिनं त्याला कागदावर काढून दिलं.

तो गेल्यावर कुंदानं चार दिवसांची रजा टाकली. तेरा वर्षांतली पहिली. पाचव्या दिवशी रविवार होता, म्हणून ती तेल्हाऱ्याला गेली. घरात भागीरथाबाई आता अगदी एकटी पडली असणार, हे तिला माहीत होतं.