मिठाची पुडी

कंपाउंडरकाकांनी उभी हयात डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधण्यात घालवली. कागदाचा चौकोन, त्यावर पावडर, तीन घड्या, की झाली पुडी! चाळीस वर्षांत एकही सुटली नाही. घरी मात्र त्यांना स्वयंपाकघरात मज्जाव. काकू म्हणायच्या, "तुम्ही थेंब मोजत बसाल आणि पोरगी उपाशी झोपेल." त्या स्वतः सगळं मुठीनं आणि चिमटीनं घालायच्या. काकांकडे एकच काम होतं. शेगडीवर काही उकळत असलं की काकू चमचाभर घेऊन, फुंकर मारत बाहेर यायच्या नि म्हणायच्या, "मीठ बघा हो."

काकू गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. काका मुलीकडे राहायला आले. मुलगी नि जावई दोघंही नोकरीवाले. संध्याकाळी सातला दमून आले की आज स्वयंपाक कोणी करायचा, यावरून रोज तोंडं वाकडी. नात तोवर बिस्किटांवर पोट भरून बसायची. शेवटी मुलीनं कुठल्याशा कंपनीचा खोका लावला. आठवड्यातून तीनदा दारात यायचा. भाजी चिरलेली, तेल-मसाले मोजून पाकिटांत, सोबत काय कधी घालायचं त्याचं छापील कार्ड.

"आयत्या चिरलेल्या कांद्याला एवढे पैसे? नुसती चैन!" जावई कुरकुरला.

काकांनी खोका उघडला आणि हरखलेच. अहो, या तर पुड्या! वर चिठ्ठीसुद्धा! मुलगी घरी यायच्या आत त्यांनी शेगडीचा ताबा घेतला. पहिल्या दिवशी घोळ केलाच म्हणा. घरात सहा वर्षांचं मूल, म्हणून सवयीनं मीठ-मिरीचा डोस निम्मा केला. सगळ्यांनी मुकाट्यानं गिळलं. "पथ्याचं म्हणून उत्तम," जावई म्हणाला. पण आठवडाभरात हात बसला. साडेसातला चौघं गरम ताटांपुढे बसू लागली, आणि सत्तरी उलटलेल्या काकांना पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटू लागलं.

महिना झाला तशी मुलगी म्हणाली, "बाबा, खोका बंद करावा म्हणते. वेळ वाचतो, नाही असं नाही. पण जे खावं त्याला तीच चव. आईचं मसुराचं सूप खाऊन किती दिवस झाले!"

काका मनात म्हणाले, खोका गेला की आपण परत खिडकीतल्या खुर्चीत! ते उठले. मग कपाटातून दवाखान्यातला छोटा तराजू काढला, मसुराचा डबा पुढ्यात घेतला नि लेकीला हाक मारली.

"इकडे ये. मूठ भर."

"कशाला?"

"तुझे हात तुझ्या आईवर गेलेत. ती दोन मुठी घालायची, तेवढं दारातून बघितलंय मी. पण मुठीचं वजन कोणाला ठाऊक?"

मुलीनं मूठ भरली, काकांनी तोलली. मग मिरपुडीची चिमूट, मग वाळक्या लसणाची. एकेकीची पुडी झाली, तीन घड्यांची. नातीनं मोठ्या अक्षरांत कार्ड लिहिलं, 'आजीचं सूप'.

"म्हणजे खोका बंद, कंपाउंडर चालू," जावई हसला. त्यालाही हे पटलेलं दिसत होतं.

सुट्टीच्या दिवशी मुलगी हौसेनं शेगडीपाशी उभी राहिली. पुड्या एकेक करून भांड्यात रिकाम्या केल्या आणि थांबली.

"बाबा, मिठाची पुडी विसरलात? तुम्ही?"

"विसरलो नाही गं," काका बाहेरून म्हणाले. "ती थोडंसं घालायची आणि माझ्याकडे यायची. किती घालायची, ते मी कधी बघितलंच नाही."

जरा वेळानं मुलगी बाहेर आली. हातात चमचा होता, त्यावर ती फुंकर मारत होती.

"मीठ बघा, बाबा."

तीन वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. काकांनी सूप तोंडात घेतलं, डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ मिटलेलेच ठेवले.

"अजून एक चिमूट," ते म्हणाले.