माय एका दारी, पोर दुसऱ्या दारी

खुर्चीवर बसण्याआधी मावशी ती दोन्ही हातांनी हलवून बघत. "टिकन का थे?" हा प्रश्न खुर्चीला असे आणि खुर्ची मांडणाऱ्यालाही. बचत गटांच्या बैठका मी घेते. सगळं जागच्या जागी लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. तरी मावशी आल्या की वाटायचं, कुठेतरी काही सैल राहिलंय. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मावशी कारध्याच्या. धानाच्या रोवणीला बायकांची टोळी घेऊन जायच्या. शेतकरी म्हणाला, "दुपारचं जेवण आमच्याकडे," की मावशी विचारत, "तुह्या बायकोले माहीत हाय का, भाऊ?"

हा संशय हौसेचा नव्हता. सानगडीच्या जावयानं त्यांच्या लेकीला घराबाहेर काढलं होतं आणि चार वर्षांची नात ठेवून घेतली होती. बायकांच्या कार्यालयात लेकीची तक्रार लिहून घेतली. नातीसाठी दुसरीकडे, मुलांच्या कार्यालयात पाठवलं. तिथे म्हणाले, आधी आईचं मिटू द्या. मावशी भडकल्या, "लेकराले मायपासून तोडलं हेच तं सांगाले आलो. मंग तुमी काहून तोडता?"

त्याच सुमारास बायका आणि मुलं, दोघांच्या हक्कांसाठी एकच राष्ट्रीय संस्था काढायचा प्रस्ताव आला. लोकांचं म्हणणं ऐकायला एक पथक भंडाऱ्याला येणार होतं. सभागृहाची व्यवस्था माझ्याकडे होती. बोलणाऱ्यांत मी मावशींना पहिलं ठेवलं.

"मलेच काहून?"

"तुमचं ऐकतील, मावशी."

"आयकतीन. मंग?"

त्या दिवशी मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी पथकातल्या अधिकारी बाईंनाच विचारलं, "दार एकच ठेवसान?"

"हो, आजी. प्रस्ताव तसाच आहे."

"मंग थे संस्था माह्या नातीले आनून देईन?"

"संस्था चौकशी करेल. शिफारस करेल."

"म्हंजे?"

"मुलीला आईकडे द्या, असं सांगेल."

"सांगाले तं मी बी सांगून राहिली, बाई. आनाले कोन जाईन?"

सभागृह हसलं. अधिकारी बाईही हसल्या. "ते अजून ठरायचंय."

"थे पहिले ठरवा. पाटी मागून लावा."

शेवटच्या फोटोला मावशी उभ्या राहिल्या नाहीत. मला राग आला. इतकी चांगली गोष्ट होऊ घातली होती आणि ह्यांचं आपलं भलतंच. जिन्यावर त्यांना गाठून म्हटलं, "मावशी, थोडा विश्वास ठेवा ना."

"ठेवला होता. जावयावर."

त्यानंतर त्या बैठकीला आल्या नाहीत. लेकीला विचारलं तर कळलं, आईनं सानगडीत खोली घेतली आहे, जावयाच्याच गल्लीत. पावसाळा सरल्यावर मी गेले. संस्थेचं तोवर काहीच कळलं नव्हतं. मावशी उंबऱ्यावर बसून भाजी निवडत होत्या. मला बघून आनंद झाला असावा, पण पहिला प्रश्न आला, "कोनं धाडलं तुले?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी विहीणबाई दिसल्या. नातीचा हात धरून तिला अंगणवाडीतून आणत होत्या.

"हाक मारा ना," मी पुटपुटले.

"चूप. हाक मारली तं उद्या दुसऱ्या गल्लीनं नेईन थे."

मावशींनी मान खाली घातली. पोरगी मोकळा हात भिंतीवरून ओढत येत होती. भिंत संपली तिथे मावशींचा गुडघा होता. हात गुडघ्यावरून गेला आणि पुढच्या भिंतीला लागला.